कडी

घर सोडताना चार वस्तू घेतल्या आम्ही.
सुरी, मिठाची पुडी, आईचा लोकरी पोंचो,
आणि चौथी मला दोन दिवसांनी कळली:
नोल्फाच्या मोज्यात
आमच्या खोलीच्या दाराची कडी.

ती कडी बाहेरून होती.
तो मेंढ्यांकडे गेला की दिवसा दार उघडं असे,
तेव्हा चमच्याच्या दांड्याने
रोज अर्धा फेरा.
चार स्क्रू. किती दिवस लागले, सांगत नाही.
नऊ वर्षांची आहे, आकडे येतात तिला,
पण काही हिशेब ती तोंडातच ठेवते.

त्या रात्री त्याने कडी लावली
आणि ती लागली नव्हती.
स्क्रू आपापल्या भोकांत नुसते उभे होते,
झोपेचं सोंग घेतलेल्या पोरींसारखे.

माझ्या पाठीवर लगामाचे वळ होते,
चालताना ते पोंचोला चिकटत.
नोल्फा मागून चालायची, म्हणायची,
एदेल्मिरा, हळू, तुझं रक्त लोकर खातंय.

नदीच्या वरच्या अंगाला लेंगाचं रान आहे.
एका पडलेल्या झाडाच्या मुळाशी
आम्ही फांद्या टेकवल्या, वर शेवाळ, वर परत फांद्या.
पाऊस आत यायचा, पण विचारून आल्यासारखा,
थेंब थेंब.
नाल्काचे देठ सोलून खाल्ले, जीभ आंबली.
मासे पकडायला हात बर्फ होईस्तोवर पाण्यात धरायचे,
मासा आला की कळायचं नाही
बोट कुठलं आणि शेपूट कुठली.

एकदा कलाफातेची झुडपं सापडली, निळीजांभळी, काट्यांनी भरलेली.
आम्ही ओरबाडून खाल्ली. मी सहज बोलून गेले,
आई म्हणायची, कलाफाते खाणारा
जिथून निघाला तिथं परत येतो.
नोल्फा थांबली.
तोंडातलं सगळं तळहातावर थुंकली.
दोन दिवसांची भूक होती पोटात,
तरी थुंकली.
मग मी खोटं बोलले.
परत म्हणजे इथं गं, या झुडपापाशी.
तिने माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं
आणि एकेक फळ
तळहातावरून पुन्हा उचललं.

एप्रिलमध्ये पानं लाल झाली.
रात्री प्यूमा फिरतो म्हणून मी काठी घेऊन बसायची.
एकदा ठसे दिसले चिखलात, माझ्या पंजाएवढे.
खरं सांगते, हायसं वाटलं.
बुटांचे नव्हते.

नोल्फाने कडी आमच्या खोपटाला बसवली.
दार म्हणजे सालीचा एक तुकडा,
वाऱ्याने सुद्धा उघडेल असा.
एक स्क्रू पळताना कुठंतरी पडला होता,
तीनच होते.
तिने आतून बसवली.
रोज रात्री लावायची, हलवून बघायची,
मगच झोपायची.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी कुत्रा भुंकला.
खोगिरावर एक म्हातारी, ओर्फेलिना नाव,
खालच्या कुरणातली, मेंढी हरवली होती तिची.
आमच्या धुराकडे बघत खाली उतरली.
मी सुरी धरली. तिने ती पाहिली,
सुरीबद्दल काही बोलली नाही.
दारापासून सहा पावलांवर थांबली,
कापडात बांधलेली भाकर एका दगडावर ठेवली,
आणि सालीच्या त्या तुकड्याला, माणसाला विचारावं तसं, म्हणाली,
आत येऊ का?

नोल्फा आतून खूप वेळ गप्प.
बर्फ म्हातारीच्या खांद्यावर साचत होता.
मग नोल्फा म्हणाली,
उद्या.

बरं, म्हातारी म्हणाली.
आणि खरंच गेली.

भाकर अजून कोमट होती.
आम्ही दोघी खात खात कडीकडे बघत होतो.
तीन स्क्रूंची. तिने
साधी हलवूनसुद्धा पाहिली नव्हती.